संधिसाधू किण्व आणि मुक्या प्राण्यांचे ऋण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



ह्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा चिटणीसांनी केली तेव्हा मी प्रथम संकोचलो. ह्या व्यासपीठावरून आपण आजवर कीर्तनकारांची, कायदेपंडितांची आणि व्यापारउदिमात नाव मिळवलेल्या गृहस्थांची व्याख्याने ऐकली आहेत. माझे आयुष्य मात्र एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत, बुरशी आणि पांढरे उंदीर ह्यांच्या सहवासात गेले. असला विषय भोजनापूर्वी काढू नये, असे माझ्या पत्नीचे स्पष्ट मत पडले. तरीही मी तो काढीत आहे, ह्याचे कारण 2021 सालच्या उन्हाळ्यात आहे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ हे शब्द घरोघर पोहोचले. करोनातून उठलेल्या माणसाचा एकाएकी डोळा सुजावा, जबड्याचे हाड काढावे लागावे, असे प्रसंग आपल्या परिचयाच्या कुटुंबांतही घडले. त्या दिवसांत अनेकांनी मला दूरध्वनी करून एकच प्रश्न विचारला, “इतकी वर्षे ही बुरशी होती कोठे?” मी उत्तर देई, “इथेच होती. मातीत होती, हवेत होती, आपण रोज श्वासाबरोबर तिचे बीज आत घेत होतो. बदलली ती बुरशी नव्हे, बदलला तो आपला देह.” अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा मारा ह्या दोहोंनी ज्या शरीराचे दरवाजे उघडे टाकले होते, त्या शरीरात ती शिरली. ह्या उत्तराने विचारणाऱ्याचे समाधान होत नसे, हे मला आवाजावरून कळे. शत्रू बाहेरून यावा, अशीच आपली समजूत असते. आज मी त्याच प्रश्नाचे थोडे सविस्तर उत्तर देणार आहे. मात्र काळ्या बुरशीविषयी नव्हे, तर तिच्या एका शांत आणि अधिक जवळच्या आप्ताविषयी.

पाव फुगवणारे आणि ताडी फसफसवणारे किण्व, म्हणजेच यीस्ट, आपणां सर्वांस ठाऊक आहे. ते बुरशीच्याच कुळातले. परंतु तंतूंचे जाळे न विणता एकेका सुट्या, अंडाकृती पेशीच्या रूपात राहते आणि झाडाला कळी फुटावी तशी एका पेशीला दुसरी फुटून वाढते. ह्या कुळातली कँडिडा अल्बिकन्स नावाची एक जात माणसाच्या तोंडात, आतड्यात आणि त्वचेच्या घड्यांत राहते. तिच्या पेशी इतक्या लहान, की एक मिलिमीटर लांबीत सुमारे दोनशे पेशी रांगेने बसतील. पुष्कळशा निरोगी माणसांच्या शरीरात ती जन्मभर मुक्काम करते आणि त्यांना तिचा पत्ताही लागत नाही. असे असता तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्याच्या गुठळ्यांसारखा पांढरा थर साचतो तो तिचाच. पावसाळ्यात सतत पाण्यात काम करणाऱ्या बायकांच्या पायांच्या बोटांत ज्या चिखल्या होतात, त्यांतही पुष्कळदा तिचा हात असतो. ह्या किरकोळ तक्रारी झाल्या. परंतु कर्करोगाच्या औषधांनी पांढऱ्या पेशी घटलेल्या, पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या, दिवसेंदिवस शिरेत नळी ठेवून अतिदक्षता विभागात निजलेल्या, किंवा अपुऱ्या दिवसांच्या जन्मलेल्या जिवाच्या रक्तात ती शिरली, तर शंभरांतले वीस ते पन्नास रुग्ण दगावतात. ‘संधिसाधू’ हे विशेषण शास्त्रज्ञांनी तिला लावले ते ह्याच अर्थाने. घरातला निरुपद्रवी भाडेकरू मालक अंथरुणाला खिळताच तिजोरीला हात घालतो, तशी तिची रीत आहे.

ह्या रीतीमुळेच तिचा अभ्यास अवघड झाला. रॉबर्ट कॉख ह्या जर्मन पंडिताने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रोगजंतू ओळखण्याचे जे नियम घालून दिले, त्यांचा आधार असा, की रोग्याच्या देहात जंतू सापडावा आणि निरोग्याच्या देहात सापडू नये. क्षय, पटकी, घटसर्प ह्यांना हा न्याय बहुतांशी लागू पडला. परंतु जो जंतू निरोग्याच्याही तोंडात सापडतो, त्याला ह्या न्यायासनापुढे दोषी कसे ठरवावे? काचनळीत तो वाढवून पाहिला तर तो निमूटपणे वाढतो; तो कोणाला मारील आणि कोणाला सोडील हे काचनळी सांगू शकत नाही. येथे रोग हा एकट्या जंतूचा गुण नसून जंतू आणि देह ह्या दोघांतील संबंध आहे, आणि संबंध पाहावयाचा तर दोन्ही पक्ष हजर असावे लागतात. म्हणून ह्या अभ्यासाला जिवंत प्राणी लागला. शास्त्रीय परिभाषेत अशा प्राण्याला ‘प्रतिमान’ म्हणतात. ज्या गोष्टी माणसावर करून पाहणे पाप ठरेल, त्या त्याच्या ठिकाणी दुसऱ्या जिवावर करून पाहावयाच्या, असा ह्या शब्दाचा अर्थ आहे.

ह्या मार्गावरचे पहिले मोठे पाऊल एका अतिशय क्षुद्र जिवाच्या साहाय्याने पडले. इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ. 1884 साली त्याने डबक्यात राहणाऱ्या, टाचणीच्या टोकाएवढ्या जलपिसूला होणाऱ्या एका रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. हा रोग एका किण्वामुळेच होत असे. जलपिसूचे अंग काचेसारखे पारदर्शक. त्यामुळे तिच्या पोटात चाललेले युद्ध सूक्ष्मदर्शकातून उघड दिसत होते. किण्वाची सुईसारखी बीजे अन्नाबरोबर गिळली जात, आतड्याची भिंत भोसकून अंगाच्या पोकळीत शिरत. आणि तेथे जलपिसूच्या फिरत्या पेशी धावून येऊन त्यांना घेरीत, गिळीत आणि पचवून टाकीत. पेशी जिंकल्या तर जलपिसू जगे. बीजे अधिक पडली, त्यांतले एखादे निसटून त्याला कळ्या फुटू लागल्या, तर ती मरे. जंतू तोच, प्राणीही तोच. निकाल मात्र दोघांच्या बळाच्या तुलनेवर. भक्षक पेशींच्या ह्या शोधाबद्दल मेचनिकॉफला 1908 साली पाउल एर्लिख ह्यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परळच्या ज्या संस्थेला हाफकिनचे नाव आहे, तो वाल्देमार हाफकिन ओदेसा येथे ह्याच मेचनिकॉफचा विद्यार्थी होता. 1897 च्या जानेवारीत मुंबईत प्लेगची लस त्याने स्वतःच्या अंगावर टोचून घेतली, तीही आधी प्राण्यांवर पारखून.

आता माझ्या स्वतःच्या उमेदवारीतली एक हकीकत सांगतो. साल 1979. मी नुकताच संशोधनासाठी नाव नोंदवले होते. कँडिडाच्या पेशी मोजून, खारट पाण्यात मिसळून, पांढऱ्या उंदरांच्या शेपटीच्या शिरेतून टोचावयाच्या, हे माझे पहिले काम. शेपटी कोमट पाण्यात धरली म्हणजे शीर फुगते आणि सुई नीट जाते. मी मुद्दाम थोडी मात्रा दिली आणि रोज सकाळी पिंजऱ्यापाशी जाऊन उभा राहू लागलो. उंदीर खात होते, पीत होते, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारीत होते. दोन आठवडे लोटले, एकही आजारी पडला नाही. मी खिन्न होऊन गुरुवर्यांकडे गेलो आणि म्हणालो, “सर, प्रयोग फसला.” ते वहीतून मान वर न करता म्हणाले, “फसला कसा? तुम्ही विचारलेत, त्यांनी उत्तर दिले. आता दुसरा प्रश्न विचारा.” पुढच्या वेळी दोन पिंजरे मांडले. दोहोंतल्या उंदरांना किण्वाची तीच थोडी मात्रा. एका पिंजऱ्यातल्यांना मात्र आधी काही दिवस कॉर्टिझोन दिले. पहिला पिंजरा पूर्वीसारखाच खेळत राहिला. दुसऱ्या पिंजऱ्यातल्यांचे केस पिंजारले, पाठी वाकल्या, ती कोपऱ्यात एकमेकांना बिलगून बसली आणि एकेक करून गेली. त्या दिवशी मला समजले, की त्यांना मी मारले ते किण्व टोचून नव्हे, तर त्यांची ढाल काढून घेऊन. जे पुस्तकात दहादा वाचले होते, ते त्या दोन पिंजऱ्यांनी मला कायमचे शिकवले.

हे उंदराचे प्रतिमान गेल्या साठाहून अधिक वर्षांत पुष्कळ परिपक्व झाले. शिरेतून टोचलेले किण्व सर्व अवयवांत पोहोचते; यकृत आणि प्लीहा त्याला बऱ्याच अंशी आवरतात, मूत्रपिंडे मात्र आवरू शकत नाहीत. म्हणून मूत्रपिंडाचा लगदा करून त्यातल्या जिवंत पेशी मोजल्या, म्हणजे रोग किती चढला आणि औषधाने किती उतरला ह्याचा हिशेब लागतो. तोंडातल्या रोगासाठी उंदराला कॉर्टिझोन द्यावे लागते. आतड्यात किण्वाची वस्ती व्हावी म्हणून आधी प्रतिजैविके देऊन तेथले जिवाणू हटवावे लागतात. स्त्रियांना होणाऱ्या विकाराच्या अभ्यासासाठी उंदराच्या मादीला ईस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक द्यावे लागते. सुज्ञ श्रोत्यांच्या लक्षात आलेच असेल, की ही प्रयोगाची कृती आहे आणि तीच माणसाच्या रोगाची कारणमालिकाही आहे. स्टेरॉइड, प्रतिजैविके आणि संप्रेरकांतले बदल. उंदराला रोगी करण्यासाठी जे हेतुपुरस्सर करावे लागते, ते माणसाच्या बाबतीत कधी उपचार म्हणून, तर कधी निष्काळजीपणाने घडते.

ह्या मुक्या साक्षीदारांनी दिलेल्या तीन साक्षी मी आपल्यापुढे ठेवतो. पहिली साक्ष शत्रूच्या शस्त्राविषयी. कँडिडाला दोन रूपे धारण करता येतात. गोल पेशीचे आणि लांब तंतूचे. तंतू करण्याची शक्ती काढून घेतलेले वाण अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी 1997 साली उंदरांना टोचले, तेव्हा उंदीर जगले. ह्या रूपांतरात शत्रूचे बळ आहे, हे त्यावरून दिसून आले. पुढे 2016 साली ह्या तंतूंतून स्रवणारे, शरीराच्या पेशींना भोके पाडणारे एक विषच सापडले. त्याला कँडिडालायसिन असे नाव दिले गेले.

दुसरी साक्ष देहाच्या पहारेकऱ्यांविषयी, आणि ती कुटुंबांच्या ह्या मेळाव्यात सांगणे मला अगत्याचे वाटते. 2006 साली असे सिद्ध झाले, की कार्ड-9 नावाचे एक प्रथिन नसलेले उंदीर बुरशीपुढे टिकत नाहीत. हे प्रथिन म्हणजे बुरशी दिसताच पांढऱ्या पेशींच्या आत निरोप पोहोचवणारा जणू जासूद. तीन वर्षांनी, 2009 साली, इराणमधील एका मोठ्या कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्या घराण्यात पाच पिढ्या आपसांत विवाह होत आले होते. चार जणांना पुनःपुन्हा बुरशीचे रोग होत, आणि आणखी तीन मुले कोवळ्या वयातच गेली होती. त्यांतल्या दोघांच्या मेंदूत कँडिडा शिरली होती. तपासणीत त्या घराण्यात तोच जासूद बिघडलेला आढळला. उंदरांनी आधी बोट दाखवले नसते, तर त्या घरातल्या मृत्यूंचे कारण दैव किंवा शाप ह्यांवरच पडून राहिले असते. आपल्याकडेही जवळच्या नात्यांत सोयरिकी करण्याची चाल अनेक घराण्यांत होती. एखाद्या घरात लहान मुलाला असे विकार वारंवार होत असतील, तर ते लपवू नये. वैद्यकीय सल्ला घ्यावा, एवढीच माझी विनंती आहे.

तिसरी साक्ष औषधांविषयी. 1940 च्या दशकाच्या अखेरीस पेनिसिलिन आणि त्याच्या भावंडांनी जिवाणूंवर मात केली होती, पण बुरशीवर त्यांचा काही उपाय चालेना. उलट जिवाणू हटल्यामुळे कँडिडाचेच फावू लागले. अशा वेळी न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्यखात्यातील दोन स्त्रिया ह्या कामी लागल्या. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीचे नमुने तपासून त्यांतले बुरशीनाशक जीव वाढवीत आणि फळांच्या मुरांब्याच्या काचेच्या बरण्यांत घालून टपालाने आल्बनी येथे रेचल ब्राउन ह्यांच्याकडे पाठवीत. ब्राउन त्यातून औषधी अंश वेगळा करून टपालानेच परत पाठवीत. मग हेझन तो प्राण्यांवर पारखीत. बहुतेक अंश येथेच बाद होत, कारण जे बुरशीला मारी ते उंदरालाही मारी. 1948 साली व्हर्जिनियातील एका परिचित कुटुंबाच्या गोठ्याजवळची माती आणली गेली आणि तीत सापडलेला अंश ह्या कसोटीला उतरला. 1950 साली तो जाहीर झाला. न्यूयॉर्क स्टेटच्या नावावरून त्याला निस्टॅटिन म्हणतात. त्याच्या हक्काचे एक कोट तीस लाख डॉलरांहून अधिक उत्पन्न झाले. ह्या दोघींनी ते स्वतःकडे न ठेवता सारे संशोधनाला देऊन टाकले. भगिनींनो, आपल्या मुलींना ही गोष्ट जरूर सांगा. आणि हेही सांगा, की पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ह्या सरकारी कारखान्यात 1960 च्या दशकाच्या आरंभी डॉ. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मातीतल्याच एका जिवापासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले. त्या जिवाच्या शास्त्रीय नावात आजही ‘पिंपरी’ हा शब्द आहे.

निस्टॅटिन तोंडाला आणि त्वचेला चाले, पण रक्तात देता येत नसे. त्यापुढचे एक मोठे औषध म्हणजे 1980 च्या दशकात इंग्लंडमधील सँडविच गावी घडवलेले फ्लुकोनाझोल. त्याची कथा माझ्या सांगण्याला फार पोषक आहे. काचनळीतल्या परीक्षेत हे औषध जुन्यापेक्षा दुबळे ठरत होते. केवळ काचनळीवर विसंबले असते तर ते कचऱ्याच्या पेटीत गेले असते. परंतु किण्वाने आजारी असलेल्या उंदरांना दिले, तेव्हा ते जुन्यापेक्षा कितीतरी पटींनी प्रभावी निघाले, कारण ते पोटातून पूर्ण शोषले जाई आणि शरीरात दीर्घकाळ टिके. काचेने नापास केलेल्याला देहाने उत्तीर्ण केले.

एवढी स्तुती ऐकून कोणी समजेल, की उंदीर म्हणजे लहान आकाराचा माणूसच. तसे मुळीच नाही, आणि हे न सांगितले तर मी अप्रामाणिक ठरेन. कँडिडा अल्बिकन्स ही प्रयोगशाळेतल्या उंदराची स्वाभाविक सोबतीण नाही. माणसाशी तिची जन्मभराची जी तडजोड असते, ती उंदराच्या वाट्याला आलेलीच नसते. रोग आपल्या आतड्यातून हळूहळू रक्तात उतरतो; उंदराला आपण एका क्षणात सुईने देतो. शिवाय उंदरांच्या वाणावाणांत भेद असतो. एका वाणाच्या रक्तात संरक्षणाचे एक प्रथिन जन्मतःच नसल्याने तो लवकर मरतो. स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या एकाच वाणाच्या उंदरांवरून गावोगावच्या माणसांविषयी अनुमान काढताना पाय जपून टाकावा लागतो. प्रतिमान म्हणजे आरसा नव्हे, नकाशा आहे. नकाशावर वाट दिसते, वाटेवरचे काटे दिसत नाहीत.

म्हणूनच अलीकडे इतर प्राण्यांचीही मदत घेतली जाते. मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण पोखरणारी एक अळी असते. पेट्या पाळणाऱ्यांची ती वैरीण. आयर्लंडमधील संशोधकांनी 2000 साली दाखवले, की किण्वाचा जोर ह्या अळीवरही मोजता येतो. ती माणसाच्या देहाइतक्या उष्णतेत जगते आणि रोग बळावला, की काळी पडते. उंदरांत जे वाण सौम्य ठरले, ते पुष्कळदा अळीतही सौम्य ठरतात. त्यामुळे पहिली चाळणी अळीवर लावून उंदरांची संख्या कमी करता येते. दुसरा साहाय्यक म्हणजे झेब्रा मासा. हा आपल्याच उपखंडातला. फ्रान्सिस हॅमिल्टन ह्याने 1822 साली गंगेच्या खोऱ्यातल्या माशांच्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्याची पिले पारदर्शक असल्याने जे युद्ध मेचनिकॉफने जलपिसूत पाहिले, तेच आज पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात प्रत्यक्ष पाहता येते.

आता नीतीच्या प्रश्नाकडे वळतो. तो टाळून चालणार नाही. 1959 साली रसेल आणि बर्च ह्या दोन इंग्रज ग्रंथकारांनी तीन नियम सांगितले. प्राण्याऐवजी दुसरे साधन चालत असेल तर ते वापरावे. प्राणी लागलेच तर कमीत कमी घ्यावेत. आणि त्यांच्या वेदना शक्य तितक्या कमी कराव्यात. आपल्या देशात 1960 साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला आणि प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद त्यात केली गेली. पण कायदा पुस्तकात असतो. तो हातात यावा लागतो. उमेदवारीतच एकदा असे झाले, की एक उंदीर संध्याकाळी अखेरच्या घटका मोजीत होता. त्याला त्याच वेळी वेदनारहित मरण देणे माझे कर्तव्य होते. परंतु तो नेमका कोणत्या दिवशी मेला हा आकडा मला हवा होता, म्हणून मी त्याला सकाळपर्यंत ठेवले. गुरुवर्यांना ते कळले. ते रागावले नाहीत; एवढेच म्हणाले, “आकडा तुम्हांला संध्याकाळीच कळला होता. रात्र तुम्ही उगाच घेतलीत त्याची.” पुढे मी अनेक विद्यार्थी तयार केले, प्रत्येकाला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगितली.

माझ्या घरीही एक परीक्षक होतीच. प्रयोगशाळेतून आल्यावर न्हाणीघरात आंघोळ केल्याशिवाय आई मला स्वयंपाकघरात येऊ देत नसे, आणि ताट वाढताना विचारी, “आज किती?” मी आकडा सांगे. ती पुढे काही बोलत नसे, पण तिचे ते न बोलणे मला दिवसभराच्या कामापेक्षा जड जाई. “आई, माणसे वाचावीत म्हणून हे,” असे मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, “वाचलेला माणूस मला दाखव, मग बघू.”

1994 साली आईला पंचाहत्तरावे वर्ष चालू होते. मधुमेह जुना, गुडघेदुखीसाठी ती गावातल्या एका गृहस्थाकडून पुड्या आणून घेत होती, हे आम्हांला ठाऊक नव्हते. पुड्यांनी दुखणे जादूसारखे थांबे. त्यातच खोकल्यासाठी दोन-तीनदा प्रतिजैविके झाली. पुढे तिचा घास घशाखाली उतरेना. पाण्याचा घोट घेतला तरी छातीत कळ येई. तीन आठवड्यांत ती निम्मी झाली. आम्ही सर्वांनी मनात कर्करोग धरला. दुर्बिणीने पाहिले तेव्हा अन्ननलिकेला वरपासून खालपर्यंत पांढरा लेप. मी तो काचपट्टीवर घेऊन माझ्याच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि कळ्या फुटलेल्या त्या पेशी आणि ते तंतू दिसले. पंधरा वर्षे मी ज्यांना पिंजऱ्यात शोधत होतो, ते माझ्या आईच्या घशात होते. पुड्यांत स्टेरॉइड होते. माझ्या दुसऱ्या पिंजऱ्यात मी जे हाताने केले होते, तेच माझ्या घरात माझ्या डोळ्यांदेखत झाले, आणि मला दिसले नाही.

पुड्या क्रमाक्रमाने बंद केल्या, साखर आटोक्यात आणली, फ्लुकोनाझोल सुरू केले. आठव्या दिवशी तिने मऊ भात आणि तूप खाल्ले. जेवण झाल्यावर तिने विचारले, “हे औषध पहिल्याने कोणाला दिले होते रे?” मी म्हणालो, “उंदरांना.” बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “तर्पणात सगळ्या जिवांना पाणी देतातच. तू देशील तेव्हा त्यांना मनात धरीत जा.” त्यानंतर तिने “आज किती?” हा प्रश्न विचारणे सोडले नाही, मात्र आकडा ऐकून ती हात जोडी. ती आणखी नऊ वर्षे जगली.

बंधुभगिनींनो, ह्या किण्वांचे संकट संपलेले नाही. कबुतरांच्या विष्ठेत आढळणारे क्रिप्टोकॉकस हे किण्व श्वासावाटे शिरून दुर्बळांच्या मेंदूपर्यंत जाते. 2009 साली जपानमध्ये एका वृद्धेच्या कानातून प्रथम ओळखली गेलेली कँडिडा ऑरिस अनेक औषधांना दाद देत नाही. तिने दिल्लीतल्या रुग्णालयांत रुग्ण गाठल्याचे 2013 साली प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली सर्वांत चिंताजनक बुरशींची यादी केली, तीत ही दोन्ही आणि आपली जुनी कँडिडा अल्बिकन्स अग्रभागी आहेत. नवी औषधे लागतील, आणि ती पारखण्यासाठी मुके प्राणीही लागतील. जितके कमी तितके बरे.

परंतु त्यांचे ऋण फेडण्याचा एक मार्ग प्रत्येक घराला मोकळा आहे, तो म्हणजे त्यांनी प्राण देऊन शिकवलेला धडा विसरू नये. नाव नसलेल्या पुड्या आणि गोळ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना देऊ नका, आणि कोणी दीर्घकाळ घेत असल्यास त्या एकाएकी बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा. चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके घेऊ नका. मधुमेह्यांनी साखर तपासावी. रुग्णालयात आप्ताला भेटण्यापूर्वी हात धुवावेत. आणि आपल्या मंडळाच्या शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या ज्या मुलामुलींना विज्ञानाची ओढ आहे, त्यांनी ह्या क्षेत्राकडे वळावे. येथे कीर्ती थोडी आहे, पण काम पुष्कळ आहे.